तुळोजीचा न हसणारा वेटर

एसीखाली ठेवलेल्या निडो दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात पाण्याचा थेंब पडला. टप्प.

एवढ्याशा आवाजाने नीला दचकली. मघापासून घरात कुणी ब्रही काढला नव्हता. "आबा कुठेही जाणार नाहीत. खलास," असं तिचा नवरा जयप्रकाश म्हणाला होता आणि त्या 'खलास'नंतर जो तो आपापल्या जागी थिजला होता. आबा, म्हणजे तिचे सासरे गणपतराव, खिडकीशी बसून लसूण सोलत होते. त्यांचा धाकटा भाऊ रावजी बहारीनमधल्याच अस्करहून सकाळीच आला होता. तिथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात कामगारांची बस चालवायचा तो. शुक्रवारची सुट्टी आणि भावाकडचं माशाचं जेवण हे त्याचं ठरलेलं. या खेपेला त्याची बायको काशीबाई व्हिजिट व्हिसावर गावाहून आली होती. ती दाराला टेकून बसली होती, गार फरशीवरून पाय उचलून, अंगठे पदरात गुंडाळून. सगळं बेट उन्हात करपत असताना घरात मात्र थंडी वाजते, या गोष्टीचं तिचं नवल अजून ओसरलं नव्हतं.

एकटी लुलू तेवढी आपल्यातच होती. नीलाची ही सहा वर्षांची पोर फरशीवर पालथी पडून चित्रं रंगवत होती. नाव खरं तर वेगळंच, पण जन्मली त्या दिवशी शेजारच्या आबिदाने तिला हातात घेऊन 'लुलू', म्हणजे मोती, म्हटलं आणि तेच चिकटलं.

"अहो, पण तुळोजी जेवायला यायचेत आता," नीला हळूच म्हणाली. "दारात आलेल्या माणसाला..."

"जेवू दे ना. हमूर माशाचं कालवण खाऊ दे, भात खाऊ दे, सोलकढी पिऊ दे. पण आबांना घेऊन जायची भाषा नको. पाच वाजता त्याचा शो आहे तो त्याने करावा. आमच्या बँकेतले अर्धे लोक तिकडेच असणार आहेत, फॅमिली घेऊन."

"म्हणजे बँकेतल्यांची लाज वाटते तुम्हाला."

"लाजेचा प्रश्न नाहीये नीला. तुला माहीत आहे कसला प्रश्न आहे ते."

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

"जया म्हणतो ते काय खोटं नाय, दादा," रावजीकाका घसा खाकरून म्हणाले. "आता वय झालं आपलं. हातात ट्रे घेऊन लोकांपुढं उभं ऱ्हायचं, त्या तुळोजीनं गालाला हात लावायचा, नाकाखाली शेवया नाचवायच्या... गावाकडं कुणाला कळलं तर म्हणतील, गणपत बहारीनला जाऊन सोंगाड्या झाला."

"मी काही बोललोय का रे?" आबा लसणीवरची नजर न काढता म्हणाले. "शब्द दिलाय मी जयाला. तो मोडायचा नाही."

त्यांनी असं म्हटल्यावर खरं तर जयप्रकाशचं समाधान व्हायला हवं होतं. तो उठून उगाच एसीचं बटण फिरवत राहिला.

तुळोजी म्हणजे तुलिओ बारेल्ली. आबांच्या जिभेने पहिल्याच आठवड्यात त्याचा तुळोजी करून टाकला होता आणि रावजीकाका तर रंगात आले की तुळोजीराव म्हणायचे. मनामाच्या समुद्राकाठी नवीन हॉटेल उघडलं तेव्हा, तेलाच्या पैशाने बेटावर रोज एक क्रेन उभी राहत होती त्या दिवसांत, आबा तिथे वेटर म्हणून लागले आणि हा इटालियन तिथे गायला आला. एका हिवाळ्यापुरता म्हणून आला, तो राहिलाच. रोज रात्री त्याचा एक खेळ असायचा. हॉलमधल्या वेटरला बोलवायचं, ट्रे हातात देऊन मधोमध उभं करायचं आणि जाहीर करायचं, "हा हसला तर आज सगळ्यांना आइस्क्रीम माझ्याकडून!" मग गाणं सुरू. प्रेयसीला घेऊन हॉटेलात आलेला माणूस गाणं म्हणायला उभा राहतो, ऐन वेळी तिचं नाव विसरतो आणि समोरचं मेनूकार्ड उचलून पदार्थांचीच नावं गहिवरून गाऊ लागतो, असं ते गाणं. सूप म्हणताना त्याचा गळा दाटून यायचा. कांद्यापाशी तो गुडघे टेकायचा. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे हसून हसून. आणि आबा उभे. दगडासारखे. डोळ्याची पापणी हलायची नाही. इतक्या वर्षांत तुळोजीला एकदाही कुणाला आइस्क्रीम द्यावं लागलं नव्हतं.

लग्न होऊन आली तेव्हा नीलाने तो खेळ एकदा पाहिला होता. नवी सून म्हणून आबांनी पुढचं टेबल मिळवून दिलं होतं. पुण्याच्या मुलीला सासऱ्यांपुढे हसावं की नाही कळेना. शेवटी तिने तोंडात पदराचा बोळा धरला होता.

मग तीन वर्षांपूर्वी गावाहून बापलेकांना तार आली. शेवंताबाई, जयप्रकाशची आई, गेल्या. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. आबा तेव्हा इतर वेटरांबरोबर राहायचे त्या खोलीवर जयप्रकाश त्यांना शोधत गेला, तिथे नाहीत. हॉटेलवर गेला आणि हॉलच्या दारातच थबकला. आबा ट्रे घेऊन उभे होते आणि अख्खा हॉल त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसत होता. गावाहून दिवस करून परतल्यावर त्याने आबांकडून शब्द घेतला, पुन्हा त्या स्टेजवर पाय ठेवायचा नाही. आबांनी ठेवला नाही. तुळोजीने दुसरे वेटर आणून पाहिले, ते पहिल्या कडव्यालाच फुटायचे. खेळ बंद पडला. गेल्या वर्षी आबांचे गुडघे गेले आणि नोकरीही सुटली.

दारावर थाप पडली. एकदा, दोनदा, आणि मग तबल्यासारखी.

"अंकल तुलिओ!" लुलू खडू टाकून धावली.

तो आत आला तो एका हातात मॅकारोनीचं खोकं आणि दुसऱ्या हातात स्वतःची टोपी घेऊन. नीला चरकली. टोपीखाली किती कमी केस उरले होते! पोट तेवढंच, पण कोट आता खांद्यांवरून घसरत होता. त्याने काशीकाकूंपुढे कमरेत वाकून नमस्कार केला तसा त्यांनी घाईघाईने पदर डोक्यावर ओढला.

"अगो बाय," त्या नीलाच्या कानाशी लागल्या, "हा तर पाया पडतो की काय!"

जेवायला सगळे खालीच बसले. तुळोजीला मांडी घालता यायची नाही. तो पाय एका बाजूला काढून, एखाद्या रुसलेल्या बाईसारखा बसला. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं तरी "तीखा नहीं, तीखा नहीं," म्हणत तो कालवण ओरपत राहिला. लुलूने त्याच्या ताटाला चिकटून बसून विचारलं, "अंकल, यू वेअर फेमस? रिअली?"

"मैं?" त्याने छातीवर हात ठेवला. "एक समर. फक्त एक समर, बेबी."

त्याची भाषा म्हणजे हॉटेलच्या किचनमधली हिंदी, मोडकं इंग्रजी, थोडी अरबी आणि आबांकडून उचललेले चार मराठी शब्द. त्या सगळ्याची त्याने लुलूसाठी गोष्ट केली. बाप न्हावी होता, नेपल्सजवळच्या एका गावात. दाढीला बसलेली गिऱ्हाइकं हलू नयेत म्हणून बाप पोराला गायला लावायचा; पण पोरगा असा गायचा की गिऱ्हाईक हसायचं आणि गाल कापला जायचा. बापाने हाकलून दिलं ते थेट रोमला. लढाई नुकतीच संपली होती, लोकांना खायला नव्हतं, पण हसायला हवं होतं. नाटकांत नाचला, गायला. मग सिनेमा.

"सिनेमामें मैं क्या? ऑल्वेज वेटर! हीरो पप्पी लेता, मी मागे प्लेट गिराता. धडाम! बीस पिच्चर, बीस टाइम धडाम."

लुलू खिदळली. रावजीकाकाही हसले आणि पुतण्याकडे बघून लगेच ताटात बघू लागले.

मग ते मेनूकार्डाचं गाणं आलं. त्या एका उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रत्येक रेडिओवर तेच. लोक रस्त्यात थांबवून त्याच्याकडून कांद्याचं कडवं म्हणून घ्यायचे. पुढच्या उन्हाळ्यात गिटारवाली लांब केसांची पोरं आली. टीव्हीने बोलावलं, थोडे दिवस ठेवलं, सोडलं. बायकोनेही सोडलं. मग प्रवासी जहाजांवर गायचं काम. आणि एक दिवस जहाज या बंदराला लागलं.

"आता हॉटेल डिस्को बनवणार. मशीन गाएगा. मैं खलास. संडे फ्लाइट." त्याने बोटं चाटली आणि एवढा वेळ हातवारे करणारा हात मांडीवर ठेवला. "सिस्टर है गाव में. ती चर्च जाएगी, मी कोंबडी देखेगा."

नीलाने त्याच्या ताटात भात वाढला, नको म्हणत असताना वाढला.

"गनपत," तो म्हणाला. "आज लास्ट शो. तू आएगा?"

जयप्रकाशने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मिस्टर बारेल्ली, माझे वडील येणार नाहीत." तो इंग्रजीत बोलत होता, बँकेतलं नीटस इंग्रजी. "ज्या दिवशी माझी आई गेली, त्या दिवशी तुम्ही त्यांना स्टेजवर उभं केलंत. मी दारातून पाहिलंय. अडीचशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होती. मला ते विसरता येत नाही."

तुळोजीचा चेहरा एकदम रिकामा झाला. त्याने आबांकडे पाहिलं. आबांनी मान अगदी बारीक, नकारार्थी हलवली, आणि नीलाच्या लक्षात आलं की हा माणूस काहीतरी सांगू शकतो पण आबा त्याला सांगू देत नाहीयेत.

"काय गो, काय म्हणतोय जया?" काशीकाकूंना इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं. नीलाने दबक्या आवाजात सांगितलं.

काशीकाकू ऐकत गेल्या तशा ताठ झाल्या. मोठ्या दिरापुढे त्या सहसा तोंड उघडत नसत. आत्ताही त्यांनी आबांकडे पाठ केली आणि पुतण्याशीच बोलल्या.

"जया, तू मालवणला शिकायला होतास रे. तुला कुठलं माहीत! दादा रजेवर आले की अंगणात रोज सांजचं ह्येच चालायचं."

"हे म्हणजे?"

"ह्ये तुळोजीचं! दादा तुळोजी व्हायचे. आणि जाऊबाईंच्या हातात पाखडायचं तांदळाचं सूप देऊन त्यांना खांबासारखं उभं करायचे. हसायचं नाय म्हणून. दादा कांद्याला मिठी मारून रडायचे, मिरचीला हाका मारायचे, ती त्यांची काय ती भाषा! जाऊबाई ओठ चावून चावून उभ्या, आणि मग जे फुटायच्या! सगळे तांदूळ अंगणात. मग आम्ही दोघी जावा बसून तांदूळ वेचायचो आणि वेचता वेचता परत हसायचो. दादांची रजा संपली की जाऊबाई महिनाभर अंगण झाडताना तांदळाचे दाणे हुडकायच्या."

"काशी, पुरे," आबा म्हणाले.

"का पुरे? पोराला वाटतं आई म्हंजे नुसती चूल आणि उपासतापास."

नीलाला सासूबाई आठवल्या: कपाळावर आठी, कमी बोलणं, कामाचा उरक. त्या बाईने अंगणात तांदूळ सांडवले होते! तिने नवऱ्याकडे पाहिलं. जयप्रकाशचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, लुलूचं राहतं तसं.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," तो आबांना म्हणाला.

"काय सांगायचं त्यात?"

"आणि त्या दिवशी? त्या दिवशी कशाला गेलात आबा? याने जबरदस्ती केली?"

"त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी सांगितलंच नाही, खेळ झाल्यावर सांगितलं." आबांनी ताटातले माशाचे काटे एका कडेला गोळा केले. "कुठं जायचं होतं रे मी? खोलीवर माणसं. एकेक जण गळ्यात पडणार, रड म्हणणार. रस्त्यावर उभा राहिलो तर लोक विचारणार. सगळ्या बहारीनमध्ये ती एकच जागा होती, जिथं तोंडावर काही दिसू द्यायचं नाही हे माझं कामच होतं. आणि गाणं तर तेच होतं. तिचं."

एसीचं पाणी डब्यात पडत राहिलं. रावजीकाकांनी मिशीवरून हात फिरवला.

"जया, मी मघाशी सोंगाड्या वगैरे म्हणालो," ते पुटपुटले, "ते आपलं बोलण्याच्या भरात हां. तू काय ते मनावर नको घेऊस."

"काका, तुम्ही ज्याच्या ताटात जास्त मासा त्याच्या बाजूचे," जयप्रकाश म्हणाला, पण आवाजात धार उरली नव्हती.

तुळोजी हात धुऊन दारात टोपी फिरवत उभा राहिला. त्याला बोललेलं किती कळलं होतं कुणास ठाऊक. "गनपत, नो प्रॉब्लेम, सदीक, दोस्त," तो म्हणाला. "तू नहीं आता, मैं दीवार को गाएगा. दीवार भी नहीं हसती." आणि जिना उतरून गेला. आबा खिडकीशी जाऊन उभे राहिले, खाली तो टॅक्सी शोधत उन्हात उभा असेपर्यंत.

नीलाने भांडी सिंकमध्ये टाकली. मग ती आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या तळातून आबांचा हॉटेलचा पांढरा कोट काढला आणि बाहेर येऊन, नवऱ्याच्या समोरच, जमिनीवर चादरीची घडी पसरली. तिने इस्त्रीचा प्लग लावला. लग्नाला सात वर्षं झाली, पण त्याने नाही म्हटलेलं तिने असं उघड्यावर कधी केलं नव्हतं.

"नीला."

"चुरगळलाय हो कोट. नुसती इस्त्री करतेय."

काशीकाकूंनी वाटीत पाणी आणून ठेवलं, शिंपडायला. आबा पाठमोरे. शब्द ज्याने घेतला त्यानेच परत द्यायचा होता, नाहीतर ते पाऊल टाकणार नव्हते. त्यांच्या खांद्यांकडे बघूनच ते कळत होतं. इस्त्री बाहीवरून फिरली, पाठीवरून फिरली. ओल्या कापडाचा गरम वास खोलीभर पसरला.

"कॉलरला नीट फिरव," जयप्रकाश शेवटी म्हणाला. "साडेचारला गाडी काढतो. पण मी आत येणार नाही. खाली गाडीत बसेन."

आबा वळले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेला म्हणाले, "बटण लावून देशील गो, वरचं? सैल झालंय."

जुफैरच्या बाजूने गाडी वळली तेव्हा समुद्रावर ऊन कललं होतं. हॉलमध्ये चहा, केक, पोरांचा गलका. नीला लुलूला घेऊन मागच्या टेबलाशी बसली. रावजीकाका आणि काशीकाकू लग्नघरी आल्यासारखे अवघडून. तुळोजी स्टेजवर गात होता आणि खरं सांगायचं तर त्याचं गाणं रंगत नव्हतं. वरचा सूर लागत नव्हता, लोक आपसात बोलत होते. तेवढ्यात बाजूच्या दारातून ट्रे घेऊन आबा आले. गुडघ्यामुळे सावकाश, पण पाठ सरळ. मधोमध येऊन उभे राहिले.

तुळोजी थांबला. पियानोवाल्याकडे बघून त्याने बोट वर केलं. "लेडीज अँड जंटलमन," तो म्हणाला, "आइस्क्रीम तयार ठेवा. आज हा हसणार."

आणि मग तो जे गायला! आवाज गेला होता तिथे त्याने हातांनी गायलं, भुवयांनी गायलं. सुपासाठी रडला. मिठासाठी देवाची करुणा भाकली. कांद्यापाशी गुडघ्यांवर आला आणि आबांचे पाय धरून, एक हस, एकच हस, अशी विनवणी करू लागला. लुलू टाळ्या पिटत खुर्चीवर उभी राहिली. काशीकाकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. आबा उभे होते. दगडासारखे.

नीलाने सहज मागे पाहिलं. जयप्रकाश दारात उभा होता. त्याच्या बँकेचा मॅनेजर हसता हसता मागे कलून त्याला काहीतरी विचारत होता, स्टेजकडे बोट दाखवून. जयप्रकाशने काय उत्तर दिलं ते तिला ऐकू आलं नाही. पण मॅनेजरने पुन्हा वळून आबांकडे पाहिलं, जरा निराळं पाहिलं, आणि जयप्रकाशसाठी खुर्ची ओढली.

गाणं संपलं. तुळोजी हरला. उठून, धापा टाकत, तो आबांपुढे कमरेत पार खाली वाकला. आबांनी ट्रे डाव्या हातात घेतला आणि उजवा हात त्याच्या टकलावर ठेवला, घरातलं वडीलधारं माणूस ठेवतं तसा. तेवढंच. मग ते वळून सरळ किचनच्या दारातून निघून गेले.

सगळे गाडीत बसले. रावजीकाका पुढे, मागे आबांच्या मांडीवर लुलू, दोन्ही बाजूंना बायका. जयप्रकाशने किल्ली लावली. आणि आबांच्या घशातून एक बारीकसा आवाज आला. नीलाला वाटलं ठसका लागला. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी तोंडावर हात धरला, पण बोटांच्या फटीतून ते बाहेर पडलंच: हसू. पोट धरून, श्वास कोंडून, लहान पोरासारखं. "कांद्याला... मेल्याने कांद्याला..." एवढंच त्यांना बोलता येत होतं. काशीकाकूंना लागण झाली. रावजीकाका फिस्कन हसले. जयप्रकाशने किल्ली फिरवलीच नाही; स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो बसला होता आणि त्याची पाठ हलत होती, हसण्याने की कशाने ते मागून कळत नव्हतं.

काचेपलीकडे, हॉटेलच्या मागच्या दाराशी, तुळोजी एकटाच टोपी घालून टॅक्सीची वाट बघत उभा होता. इतक्या लांबून त्याला गाडीतलं काही दिसत नव्हतं.

लुलूने आजोबांच्या थरथरत्या मांडीवरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर त्याच्याकडे, मग आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"आई, मग हे हसू आजोबांनी अंकलला का नाही दिलं?"